धुपाटणं कुणाच्या हातात?

बचत गटांनी काय करावं हे सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधी वानवा नसते. पापड झाले, लोणची-मसाले झाले, गोधड्या झाल्या, अगरबत्ती वळून झाली. आता आमच्या वसईच्या पट्ट्यात गटांच्या बैठकांत एक नवी सूचना फिरते आहे. चर्चमध्ये मिस्साच्या वेळी जो धूप जाळतात, तो शहरातल्या दुकानातून पुडीबंद आणण्याऐवजी इथल्या वनस्पतींपासून इथल्या बायकांनीच तयार करावा. वरवर पाहता सूचना अगदी निरुपद्रवी आहे. चर्चला भेसळ नसलेला धूप मिळेल, बायकांना चार पैसे मिळतील, गावातली झाडंझुडपं कामी येतील. यात वाद घालण्यासारखं काय आहे?

पण वाद झाला, आणि चांगलाच झाला. चळवळीत वर्षानुवर्षं असलेल्या काही मैत्रिणींचं म्हणणं असं की, ज्या संस्थेत बाईला वेदीवर सेवा करण्यासाठीसुद्धा रोमच्या परवानगीची वाट पाहावी लागली, तिच्यासाठी आपण धूप का कुटायचा? गटातल्या बहुतेक ख्रिस्ती बायकांना हा प्रश्नच पटला नाही. त्यांच्या दृष्टीनं चर्च म्हणजे नुसते बिशप आणि फादर नव्हेत. ते त्यांचं आहे, त्यांच्या आयांचं आहे. तिसरा सूर सर्वांत गोड होता आणि मला तोच सर्वांत धोक्याचा वाटला. देवाचं काम आहे, त्यात मजुरीचा हिशेब कसला करायचा, जे मिळेल ते आशीर्वाद समजून घ्यावं, असा तो सूर.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. वेदीवर काय असावं हे ठरवणारी मी कोण, असं कुणी म्हटलं तर ते मला मान्य आहे. पण बाईच्या श्रमाचा प्रश्न आला की तो सगळ्यांचाच होतो. माझं मत आधीच सांगून टाकते: हा उद्योग जरूर करावा. मात्र 'स्थानिक' हा शब्द फक्त झाडापाल्याला लावून थांबू नये. मजुरी, मालकी आणि मान यांनाही तो लावायला हवा. नाहीतर अगरबत्तीचं जे झालं तेच धुपाचं होईल.

आधी धूप म्हणजे काय ते पाहू, कारण बैठकीत बोलणाऱ्या अनेकींच्या डोळ्यांपुढे अगरबत्तीच होती. चर्चचा धूप काडीवर नसतो. ते राळेचे खडे किंवा भरड असते. साखळ्यांनी टांगलेल्या धुपाटण्यात पेटता कोळसा ठेवून त्यावर हे खडे टाकतात. मोठ्या सणांच्या मिस्सात, पवित्र साक्रामेंताच्या आराधनेत, आणि अंत्यविधीच्या वेळी शवपेटीला धूप देतात. मराठी बायबलात ज्याला 'ऊद' म्हटलं आहे, पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांनी बाळ येशूला सोनं आणि गंधरसाबरोबर जो दिला, तो बोस्वेलिया नावाच्या वंशातल्या झाडांचा डिंक. ही झाडं ओमान, येमेन, सोमालिया, इथिओपिया, इरिट्रिया इकडे वाढतात. आपल्याकडे वाण्याकडे जाऊन ऊद मागितला तर तो भलतंच काही हातात ठेवण्याची शक्यता जास्त. लोबान मागितला तर बहुधा सुमात्रा बेटाकडच्या निराळ्याच झाडाची राळ मिळते. नावांचा हा घोळ एवढ्यासाठी सांगितला की, माल विकत घेताना गटानं नावावर न जाता एक खडा निखाऱ्यावर टाकून पाहावा.

याच बोस्वेलिया वंशातलं एक झाड आपल्या महाराष्ट्रात आहे. त्याचं नाव साळई. सातपुड्याच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर, नंदुरबारपासून जळगावच्या डोंगरांतून मेळघाटापर्यंत आणि पुढे मध्य प्रदेशात ते वाढतं. कागदासारख्या पापुद्र्यांची साल, उन्हाळ्यात निष्पर्ण. या झाडाला जंगलखात्यानं पूर्वी फारशी किंमत दिली नाही. नेपानगरच्या गिरणीत वर्तमानपत्राचा कागद करायला बांबूबरोबर साळईचं लाकूड वापरत. (आपल्या आधीच्या पिढीनं वाचलेल्या किती बातम्या साळईवर छापलेल्या असतील कोण जाणे.) झाडाची साल थोडी खरवडली की त्यातून दुधट, चिकट डिंक पाझरतो. तोच सालई गुग्गुळ किंवा कुंदरू. आज त्याला जास्त गिऱ्हाईक आहे ते सांधेदुखीवरच्या औषधांचं.

म्हणजे चर्चच्या धुपाचं मूळ द्रव्य आपल्या राज्यात आहे; पण ते वसईत नाही. वसईत आहे तो सोनचाफा, मोगरा, तुळस, मरवा, गवती चहा, वाळा. हा फरक गटातल्या बायकांना नीट समजावून द्यायला हवा, कारण पहिला उत्साह असतो तो फुलांचा. सोनचाफ्याच्या बागा दारात आहेत, दादरच्या बाजारात न विकलेली फुलं परत येतात, ती वाळवून धुपात घालू, असं सहज सुचतं. पण वाळलेली पाकळी निखाऱ्यावर टाकली की फुलाचा वास येत नाही, जळक्या पाल्याचा येतो. फुलाचा गंध उडून जाणारा असतो. तो तेलात उतरवून घ्यावा लागतो आणि ते तेल राळेत मुरवावं लागतं. निखाऱ्यावर टिकतात ती राळ, सुगंधी लाकूड आणि काही मुळं. वाळ्याची मुळं चालतात. लव्हाळ्याच्या गाठीही चालतात, ज्याला आपण नागरमोथा म्हणतो. शेतात बायका कंबर मोडेपर्यंत लव्हाळा उपटतात आणि बांधावर फेकतात. त्याच गाठी धुवून, सुकवून, कुटल्या तर धुपात मातीचा सुरेख वास उतरतो. कोळशासाठी करवंटी आहेच. बाजारातल्या झटपट पेटणाऱ्या चकत्यांमध्ये सोरा घातलेला असतो, त्याचा उग्र वास धुपात मिसळतो. करवंटीचा निखारा पेटायला वेळ लागतो, पण तो स्वच्छ जळतो.

कृती अवघड नाही. राळ थंडीच्या दिवसांत किंवा पहाटे कुटायची, कारण उन्हात ती खलबत्त्याला चिकटते. चाळायची. त्यात मुळांची आणि लाकडाची वस्त्रगाळ पूड बेताची घालायची. जास्त झाली की धूप न होता धूर होतो. सुगंधी तेलाचा हात देऊन मळायचं, लहान खडे पाडायचे, एकमेकांना चिकटू नयेत म्हणून वर पांढरी पूड भुरभुरायची आणि हवाबंद डब्यात काही आठवडे मुरू द्यायचं. ग्रीसमधल्या अ‍ॅथॉस पर्वतावरचे मठ साधारण अशाच रीतीनं धूप करतात आणि तो जगभर जातो. गंमत अशी की, त्या अ‍ॅथॉसवर बाईला पाऊल टाकायलाही बंदी आहे.

धर्माची आडकाठी येईल का, अशी शंका काहींना होती. येणार नाही. बायबलच्या निर्गम या पुस्तकात धुपाची ठरावीक कृती आहे आणि तसा धूप स्वतःसाठी कुणी करू नये अशी ताकीदही आहे, पण ती जुन्या मंदिराच्या उपासनेची. आजच्या कॅथोलिक विधीत कृतीचं असं बंधन नाही. बिशपांच्या विधींसाठी 1984 साली निघालेल्या ग्रंथात एवढंच सांगितलं आहे की, धुपाटण्यात शुद्ध सुवासिक ऊद असावा, आणि काही मिसळलंच तर उदाचं प्रमाण त्याहून पुष्कळ जास्त असावं. साळईचा डिंक ही अट सहज पाळतो. शिवाय 1969 मध्येच भारतातल्या बिशपांच्या विनंतीवरून रोमनं भारतीय रीतीच्या बारा गोष्टींना मान्यता दिली होती. त्यात तेलाचे दिवे होते, आरती होती, आणि साखळीच्या धुपाटण्याऐवजी मुठीचं साधं धूपपात्रही होतं. तेव्हा वाद झाला तर तो विधीचा असणार नाही, पैशाचा असेल.

पैशाकडेच वळू. अगरबत्तीचा अनुभव आपल्या सगळ्यांच्या गाठीशी आहे. ती वळतात बहुतांशी बायका, घरी बसून, हजार काड्यांमागे अमुक या दरानं. काड्या, पूड, डिंकाचं मिश्रण ठेकेदार आणून देतो, माल तोच उचलतो, नापास काड्यांचे पैसे तोच कापतो. घर हाच कारखाना असल्यामुळे वीज, जागा, पाणी आणि मुलींचे हात फुकट मिळतात. अहमदाबादच्या 'सेवा'नं या बायकांना संघटित केलं तेव्हा कुठे या कामाकडे काम म्हणून पाहायला सुरुवात झाली. घरी काम करणाऱ्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 1996 मध्ये 177 क्रमांकाचा करार केला, त्याला भारतानं अजून मान्यता दिलेली नाही. आणि 2019 मध्ये अगरबत्तीच्या आयातीवर सरकारनं निर्बंध घातले तेव्हा स्वदेशीचा जयघोष खूप झाला. काडी वळणारीच्या दराची चर्चा त्यामानानं फारच कमी झाली.

धुपात ठेकेदार नसेल, फादर असतील किंवा धर्मग्रामाची समिती असेल, म्हणून गोष्ट वेगळी होईल असं समजू नका. फादर चांगले असतात, माझा त्यांच्याशी वाद नाही. पण चांगुलपणाशी भाव ठरवता येत नाही. वेदीची फुलं बायका फुकट लावतात, वेदीवरची वस्त्रं धुतात, इस्त्री करतात, चर्च झाडतात. ही सगळी सेवा. धूपही याच रांगेत जाऊन बसला तर त्याच्या पुडीवर धर्मग्रामाचं नाव छापलं जाईल, विक्रीचा पैसा जीर्णोद्धाराच्या निधीत जाईल, आणि बायकांचा वार्षिक सभेत टाळ्या वाजवून सत्कार होईल. यात कुणाचा दुष्ट हेतू असण्याची गरज नाही.

म्हणून पहिल्या खेपेपासून तास लिहून ठेवावेत. डिंक निवडायला किती वेळ लागला, कुटायला किती, चाळायला, मळायला, खडे पाडायला, भरायला किती. समजा एक किलो धुपामागे सगळे मिळून सहा तास लागले. मग सरकारनं ठरवलेल्या किमान वेतनानं त्या सहा तासांचे पैसे, अधिक मालाची किंमत, अधिक डबे, भाडं, विजेचा आकार, अधिक गटाच्या गंगाजळीसाठी काही टक्के. ही धुपाची किंमत. ती जड वाटली तर चर्चनं धूप कमी वापरावा. मिस्सात धूप वापरणं हे बहुतेक वेळा ऐच्छिकच आहे. मजुरी ऐच्छिक असू शकत नाही.

बायबल जाणणाऱ्या एका सिस्टरनं याच संदर्भात शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला आठवा अध्याय काढून दाखवला. लोक राजा मागतात तेव्हा वृद्ध शमुवेल त्यांना बजावतो की, हा राजा तुमच्या मुलींना सुगंधी द्रव्यं करायला, स्वयंपाकाला आणि भाकरी भाजायला घेऊन जाईल. म्हणजे अत्तरं-सुगंध करणं हे तेव्हाही बायकांचं काम होतं आणि तेव्हाही ते वेठीचं होतं! कबरीकडे सुगंधी द्रव्यं घेऊन भल्या पहाटे निघालेल्या त्या बायका आठवा. पुनरुत्थानाची बातमी पहिल्यांदा त्यांना कळली ती सुगंधाचं काम त्यांच्याकडे होतं म्हणून. हा वारसा गटातल्या ख्रिस्ती बायकांनी धर्मग्रामाच्या सभेत जरूर सांगावा. आम्ही सांगितला तर तो बाहेरचा आरोप ठरतो, त्यांनी सांगितला तर प्रवचन.

मजुरीहून अवघड प्रश्न आहे तो 'इथल्या बायका' कोण हा. वसईच्या बागायतदार ख्रिस्ती घरातली बाई गटाची सभासद असते. तिचे कष्ट कमी नाहीत. पहाटेच्या गाडीनं भाजी आणि फुलं मुंबईला नेणाऱ्या बायकांच्या कितीतरी पिढ्या इथे होऊन गेल्या. पण त्याच वाडीत खुरपणीला येणारी वारली किंवा कातकरी बाई गटात नसते. तिचा पत्ता दर हंगामाला बदलतो, तिची बचत नियमित नसते, म्हणून नियमात ती बसत नाही. धुपाचं काम सुरू झालं की कुटायला आणि लव्हाळ्याच्या गाठी धुवायला तिलाच बोलावलं जाईल आणि गटाचा नफा सभासदांत वाटला जाईल. आपण ज्या ठेकेदाराला शिव्या घालतो तो अशा वेळी आपल्याच अंगणात उभा असतो. नियम बदलावे लागतील. बचत हप्त्यानं न घेता कामाच्या पैशातून कापली, तर ती बाई सभासद होऊ शकते. हे अशक्य मुळीच नाही, कटकटीचं मात्र आहे.

आणि साळईचा डिंक गोळा करणारी बाई तर आणखी दूर, सातपुड्यात आहे. दिवाळीनंतर पावसाळ्यापर्यंत हा हंगाम चालतो. डिंक ओला असतो तेव्हा तो बांबूच्या टोपल्यांत आठवडेच्या आठवडे निथळत ठेवतात. मग परंपरेनं त्यात शंखजिऱ्याची पूड मिसळून तो ठोकून फोडतात, सालीचे तुकडे आणि कचरा हातानं वेचून काढतात, रंग आणि आकार पाहून प्रती लावतात. हे वेचणं, निवडणं जगभर बायकांच्याच वाट्याला आलेलं आहे. सोमालिया, इथिओपियातही ऊद निवडणाऱ्या बायकाच आहेत. डिंकाची किंमत ठरते ती या निवडीवर, पण निवडणारीची मजुरी साखळीत सर्वांत खाली असते. शंखजिऱ्याची धूळ दिवसभर छातीत जाते ती वेगळीच.

व्यापाऱ्याकडून गोणी विकत घ्यायची असेल तर मग 'स्थानिक' या शब्दाला काय अर्थ राहिला? आपण थेट ग्रामसभेकडून डिंक घ्यावा असं माझं मत आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा मालकी हक्क जंगलात राहणाऱ्यांना दिला. विवाहितांच्या बाबतीत वैयक्तिक हक्काचा दाखला नवरा-बायको दोघांच्या नावे असला पाहिजे असं तो सांगतो. 2012 च्या सुधारित नियमांप्रमाणे वनहक्काच्या ग्रामसभेत हजर असलेल्यांपैकी किमान एक तृतीयांश बायका हव्यात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं 2011 मध्ये आपला बांबू आपण विकून दाखवला. डिंकाला हाच रस्ता आहे. कागदावरचा कायदा आणि नाक्यावरचा वनरक्षक यांत अंतर असतं हे मला माहीत आहे. पण चर्चसारखा कायमचा, दरवर्षी ठरावीक माल घेणारा ग्राहक हाताशी असेल तर ग्रामसभेचं बळ वाढतं, आणि हे बळ आपण फुकट घालवू नये.

इथे झाडाचाही विचार करावा लागतो. आफ्रिकेतल्या ज्या झाडापासून जगातला बराचसा ऊद येतो, त्याच्याबद्दल 2019 मध्ये शास्त्रज्ञांनी इशारा दिला की, बहुतेक जंगलांत कित्येक दशकांत नवी रोपं वाढलेलीच नाहीत आणि पुढच्या वीसेक वर्षांत उत्पादन निम्म्यावर येईल. चराई, वणवे आणि झाडाला विश्रांती न देता घेतलेले घाव ही त्याची कारणं. सतत खरवडलेल्या झाडाचं बीही नीट रुजत नाही. अशक्त बाईला बाळंतपणावर बाळंतपण लादावं तसंच हे. साळईवर ही पाळी येऊ द्यायची नसेल तर मागणी करणाऱ्यांनीच काही झाडं, काही वर्षं मोकळी ठेवण्याची अट मान्य करायला हवी आणि त्यापोटी जास्तीचा भाव द्यायला हवा.

साळई फांदी लावूनही जगते, तेव्हा ती बांधावर लावावी असं कुणी सुचवेल. जरूर लावावी. पण बांध कुणाचा? 2015-16 च्या शेती गणनेनुसार देशातल्या वहिवाटदारांत बायका जेमतेम 14 टक्के आहेत. 1986 च्या चांदवडच्या अधिवेशनाला लाखांनी बायका जमल्या, मग लक्ष्मीमुक्तीची मोहीम झाली, तरी सातबाऱ्यावर बाईचं नाव लागायला अजून तलाठ्याकडे खेटे घालावेच लागतात. झाड डिंक देण्याजोगं व्हायला वर्षं लागतात. ज्या जमिनीवर आपलं नाव नाही तिथे बाईनं इतकी वर्षं झाड जपायचं आणि डिंक यायला लागला की दीरानं व्यापारी आणायचा, हे आपण काजूत पाहिलं आहे.

आता शेवटचा मुद्दा, ज्यावर बैठक खरी पेटली. आपल्याकडे धुरी देणं हे बायकांचं काम. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी सरकवून ओवा, बाळंतशोपा, वावडिंग, लसणीची सालं टाकायची. बाळाला त्याच धुरावर क्षणभर धरायचं. किती टाकावं, कधी थांबावं हे सुईणीला आणि आजीला ठाऊक. ख्रिस्ती घरांत, हिंदू घरांत, आदिवासी पाड्यांवर हे सारखंच. घरातली धुरी बाईच्या हातात आणि वेदीवरचं धुपाटणं पुरुषाच्या हातात, अशी ही वाटणी. मुलींना वेदीसेवा करू देण्याची मोकळीक रोमनं 1994 मध्ये दिली, तीही त्या त्या बिशपांच्या मर्जीवर सोडून. वेदीसेवकाचं अधिकृत पद स्त्रियांना खुलं झालं ते जानेवारी 2021 मध्ये, पोप फ्रान्सिस यांनी धर्मसंहितेतलं कलम बदललं तेव्हा. भारतातल्या कॅथोलिक चर्चनं 2010 मध्ये स्वतःचं लिंगभाव धोरणही जाहीर केलं आहे. म्हणजे दार कागदोपत्री उघडं आहे. आत कुणी जातं का, हे प्रत्येक धर्मग्रामात जाऊन पाहायचं.

म्हणून गटानं धूप देताना ही गोष्ट बोलून घ्यावी, असं मला वाटतं. सौदा म्हणून नव्हे, धूप घ्या आणि मुलींना वेदीवर घ्या असा व्यवहार कुणालाच शोभणार नाही. पण धूप करणाऱ्या घरातल्या मुलीला धुपाटणं धरायची इच्छा असेल तर ती इच्छा समितीपुढे मांडणारं कुणीतरी हवं, आणि ज्या बायकांच्या हातचा धूप वेदीवर जळतो त्यांनी ती मांडली तर ऐकणाऱ्याला ती टाळणं जड जातं. ज्या मैत्रिणींना चर्चला धूप पुरवणं हे पितृसत्तेला खतपाणी वाटतं, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की, बाहेर उभं राहून टीका करण्याचा हक्क आपला आहेच; पण आतल्या बायकांना आत उभं राहायला लागणारी जागा आपल्या टीकेनं तयार होत नाही. त्यांच्या हातात काही असावं लागतं. नाव, हिशेबाची वही आणि दरवर्षी येणारी लेखी ऑर्डर असावी लागते.

धुराबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. नेदरलंडमधल्या मास्ट्रिक्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2004 मध्ये चर्चमधली हवा तपासली, तेव्हा मेणबत्त्या आणि धूप जाळल्यानंतर तिच्यात सूक्ष्म कणांचं प्रमाण वर्दळीच्या रस्त्याहून कितीतरी जास्त आढळलं. धूप इथला आहे, नैसर्गिक आहे, म्हणून त्याचा धूर औषधी होत नाही. बाळंतिणीच्या धुरीलाही हेच लागू आहे, ती आजीची असली तरी. दमेकरी बायका आणि लहान मुलं पुढच्या बाकांवर असतात. खिडक्या उघड्या ठेवणं, दोन खड्यांत भागत असेल तिथे चमचाभर न टाकणं, हे पुडीवरच छापावं. आणि कुटण्याचं काम घराच्या स्वयंपाकघरात मुळीच नको. समाजमंदिराची पडवी, चर्चच्या आवारातली एखादी रिकामी खोली मागून घ्यावी. नाकावर ओढणी बांधून भागत नाही, चांगले मुखपट्टे मालाच्या खर्चात धरावेत. शंखजिऱ्याऐवजी तांदळाची पिठी चालते का, याचा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. निखाऱ्यावर तिचा करपट वास येत असेल तर प्रमाण कमी करून बघता येईल.

वसईतला एक गट थंडीत पाच किलोची पहिली खेप करणार आहे. फादरांशी बोलणं झालं आहे. दर, मुदत आणि पुडीवर गटाचं नाव या तीन गोष्टी लेखी द्यायला ते तयार आहेत. डिंक मात्र अजून व्यापाऱ्याकडूनच घ्यावा लागणार अशी स्थिती आहे. नंदुरबार, जळगाव किंवा मेळघाटात ज्या गटांचा ग्रामसभेच्या डिंकखरेदीशी संबंध आला असेल त्यांनी गोळा करणारीला काय दर मिळतो, वाहतुकीचा परवाना कुणी दिला आणि निवडण्याचं काम कुठे होतं, एवढं तरी मासिकाच्या पत्त्यावर कळवावं. थंडी सुरू होण्याआधी कळलं तर या खेपेलाच उपयोग होईल.